शेवटच्या आठ काचा

सर, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, ते मी गेल्या महिन्यात ओलांडलं. मेथी निवडत बसले होते, मनातल्या मनात वर्षं मोजली गेली आणि हात थांबला. कुणाला सांगावं असं घरात कुणी नाही. गारगोटीत कॉलेजच्या मागं दोन खोल्या आहेत, त्यात मी राहते. निवृत्त झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं पोरी शंका घेऊन यायच्या, चहा पिऊन जायच्या. आता त्या पोरी आपापल्या संसारात आहेत आणि नव्या पोरींना शंका विचारायला माझी गरज पडत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. घर शांत आहे, आणि या शांततेत तुमच्याशी एक बोलायचं राहिलंय ते पुन्हा पुन्हा वर येतं. आधी तुम्हाला माहीत असलेलं सगळं लिहिते, म्हणजे माहीत नसलेलं लिहायला धीर येईल.

मुरगूडहून मी पहिल्यांदा कोल्हापूरला तुमच्याकडे आले तेव्हा अब्बा सोबत होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, डोळ्याला भिंग लावून लावून एका डोळ्याभोवती कायमची खूण पडलेली. तुम्ही आम्हाला विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाच्या मागच्या बाजूच्या तळमजल्यावरच्या खोलीकडे नेलंत आणि दारातच मला थांबवलंत. "केसातल्या पिना काढ. हातातलं घड्याळ काढ. पर्समध्ये चाव्या असतील तर त्या बाहेर ठेव." मी पिना काढल्या तशी वेणी सुटली आणि मला रडू यायला लागलं. अब्बा मात्र खूश झाले. ते तुम्हाला म्हणाले, "सर, आमच्यातबी असंच हाय की. घड्याळाला लोहचुंबक लागलं तर ते पळत सुटतंय. गिऱ्हाइकाला वाटतंय घड्याळ जोरात हाय, पर ते खोटं बोलत असतंय." तुम्ही मोठ्यानं हसलात आणि अब्बांच्या खांद्यावर हात ठेवलात. माझं संशोधन विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदवायच्या आधी तुमचं आणि अब्बांचं जमलं होतं.

खोलीत ते यंत्र उभं होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक म्हणजे काहीतरी टेबलावर ठेवायचं असेल अशी माझी समजूत. हे तर माणसापेक्षा उंच, लोखंडी खांबासारखं. एका मोठ्या संस्थेनं नवं घेतलं म्हणून जुनं आपल्या वाट्याला आलं होतं. ते ट्रकमधून सुट्या भागांत आलं आणि तुम्ही चार महिने एकट्यानं जोडत बसलात, हे मला नंतर कळलं. निकेल आणि लोखंडाचा इतका पातळ पापुद्रा की त्यातून इलेक्ट्रॉन आरपार जावेत, तो तांब्याच्या बारीक जाळीवर ठेवायचा आणि आत सोडायचा. त्या पापुद्र्यात चुंबकत्वाचे वेगवेगळे पट्टे असतात, एका पट्ट्यात दिशा इकडे तर शेजारच्यात तिकडे. दोन पट्ट्यांच्या मधल्या हद्दीवर चित्र मुद्दाम थोडं धूसर केलं की एक रेघ उमटते. ती रेघ किती रुंद, तिचा आकार कसा, हे मोजायचं होतं. एवढंच. एवढ्यासाठी माझी पाच वर्षं गेली आणि तुमची सगळीच.

रेघ दिसायची, पण मोजता यायची नाही. तुम्ही त्याला खरखर म्हणायचा, रेडिओतल्यासारखी. फोटोच्या काचेवरचे कण, इलेक्ट्रॉनांचा तुटपुंजा उजेड, आणि त्याहून वाईट म्हणजे चित्राचा थरकाप. रेघ जागेवर उभीच राहायची नाही. "बाहेरून कुठलंतरी चुंबकत्व आत येतंय," तुम्ही म्हणालात. तांब्याच्या तारेचं एक मोठं वेटोळं तुम्ही केलंत, त्याला रेडिओचे भाग जोडलेत आणि कानाला लावायचा फोन. ते वेटोळं हातात घेऊन आपण दोघं आठ दिवस इमारतीभोवती फिरत होतो. तुम्ही पुढं, कानाला फोन, डोळे मिटलेले. मी मागून तुम्हाला खड्डे सांगत. लोक बघून हसायचे. मागच्या भिंतीपाशी आलो की तुम्ही हात वर करायचा. तिथं गुणगुण सर्वांत मोठी होती. भिंतीलगत एक जाडजूड वायर गेली होती, आणि वायरीमागं चालत गेलो तर रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी.

गिरणी चालवणारी बाई पन्नाशीची, कपाळाला विभूती, केसांवर पीठ. सीमेकडच्या गावातून लग्न होऊन आलेली, नवरा वारलेला. सगळे तिला आक्का म्हणत. तुम्ही गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर ओरडून सांगायला लागलात की तुमच्या मोटारीमुळं आमचं यंत्र हलतंय. तिनं पट्टा बंद केला, कमरेवर हात ठेवले.

"पावणं, माझी गिरणी हितं, तुमचं यंत्र तितं. मधी रस्ता हाय की. हलतंय कसं?"

"विजेतनं हलतंय, आक्का. तारेतनं."

"आणि त्यात काय बघताय?"

तुम्ही तिला सांगत बसलात. पातळ पापुद्रा, त्यातले पट्टे, मधली रेघ. दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायका ऐकत होत्या. मला लाज वाटत होती. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दळाप किती येळ बंद ठेवायचं?" तुम्ही म्हणालात, दुपारी दोन तास, एक ते तीन. त्या म्हणाल्या, "जेवायला बंद करतोच की घटकाभर. त्यात आणि थोडं. पर मला दाखवाय पायजे काय ते." दुसऱ्याच दिवशी त्या आल्या. दारात तुम्ही त्यांनाही केसातले आकडे आणि चाव्या बाहेर ठेवायला लावल्यात. अंधाऱ्या खोलीत तो हिरवा पडदा, त्यावर ती रेघ, आणि ती रेघ पहिल्यांदाच हलत नव्हती. आक्का बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढीशी?" तुम्ही म्हणालात, "एवढीशीच."

त्यानंतरचे दिवस मला अजून दिसतात. एक वाजतो. गिरणीचा धडधडाट थांबतो. तुम्ही यंत्रापुढं बसता, मी काचांचा डबा घेऊन शेजारी. मी सेकंद मोजते, तुम्ही श्वास धरून बसता, कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणं खुर्चीची करकरसुद्धा आत जाते. एका दिवसात दोन काचा, फार तर तीन. एकाच जागेचा, एकाच रेघेचा फोटो पुन्हा पुन्हा. "कण प्रत्येक काचेवर वेगळीकडं पडणार," तुम्ही सांगायचा, "रेघ तिथंच राहणार. सगळ्यांची बेरीज कर, खरखर आपोआप मागं पडते. पण ती निम्मी करायची तर काचा चौपट घ्याव्या लागतात. यात लबाडी चालत नाही." तुम्ही वीस काचा ठरवल्या. प्रत्येकीचा नंबर तुमच्या वळणदार अक्षरात रजिस्टरमध्ये. बारा झाल्यावर वीजकपातीमुळं दोन दिवस काम बंद राहिलं, मग उरलेल्या आठ घेतल्या. तेराव्या काचेच्या वेळी तुम्ही पडद्यावर वाकलात आणि तसेच थांबलात. "रेघेच्या कडेला काही दिसतंय का गं तुला?" मी वाकून पाहिलं. मला खरंच काही दिसलं नाही. "नाही सर." तुम्ही चष्मा काढून डोळे चोळलेत आणि म्हणालात, "चल, मोज सेकंद." विसावी काच झाली आणि तो पापुद्रा बाहेर काढताना फाटला. दुसरा अगदी तसाच आपल्याला पुन्हा कधी करता आला नाही.

काचा मोजायचं काम माझं. काळेपणा मोजायचं ते छोटं यंत्र, काच केसभर सरकवायची, काटा वाचायचा, आकडा लिहायचा, पुन्हा सरकवायची. एका काचेचे दोनशे आकडे. त्याच उन्हाळ्यात गारगोटीच्या कॉलेजातून मला निरोप आला होता की जागा आहे, जूनपर्यंत थांबतो, प्रबंध दिलेला पाहिजे. आणि त्याच उन्हाळ्यात अब्बांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात चुकीचं चाक बसवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. ते मला काही बोलले नाहीत, फक्त दुकान लवकर बंद करायला लागले. घरात मी एकुलती. मी तुम्हाला बेरजेचा आलेख दिला तेव्हा तुम्ही तो खिडकीपाशी नेलात. इतकी स्वच्छ रेघ आपण दोघांनीही कधी पाहिली नव्हती. तुम्ही बाहेर गेलात आणि स्वतः चहा घेऊन आलात. दोन्ही हातांत दोन कप, दार पायानं ढकलत. एवढ्या आनंदात मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

तो आलेख घेऊन तुम्ही परिषदेला गेलात. चौथ्या दिवशी परत आलात ते एसटी स्टँडवरून थेट विभागात, बॅग खांद्यालाच. तिथं एकानं साधा प्रश्न विचारला होता: वीस काचांमध्ये आपसांत फरक किती? तुम्हाला तो काढून पाठवायचा होता. माझे मोजणीचे कागद तुम्ही मागितलेत, एक-एक करून टेबलावर मांडलेत, आणि पुन्हा मोजलेत.

"हे बाराच आहेत."

"हो सर."

"उरलेले आठ?"

"त्या काचा खराब निघाल्या, सर. काळ्या पडल्या होत्या. म्हणून घेतल्या नाहीत."

"कुठं आहेत?"

"धुऊन टाकल्या. काच कामाला येईल म्हणून."

तुम्ही रजिस्टर उघडलंत. बोट तेरापासून विसापर्यंत फिरवलंत. "आठही एकापाठोपाठच्या. आधीच्या बारांत एकही खराब नाही. खराबी अशी रांगेत उभी राहते होय? मोजल्या होत्यास?"

"नाही सर. मोजायच्या आधीच दिसत होतं."

तुम्ही तेव्हा जे बोललात ते मोठ्यानं बोलला नाहीत. मोठ्यानं बोलला असता तर बरं झालं असतं. "अगं, काच खराब आहे का नाही हे आपण ठरवायचं नसतं. मोजायचं, आणि मग मोजमापाला ठरवू द्यायचं. खरखर काढायची म्हणजे नको ते काढायचं नव्हे." मग खिडकीबाहेर बघत तुम्ही म्हणालात, "तेराव्या वेळी मला कडेला काहीतरी दिसलं होतं. दुसरी फिकट रेघ. मला वाटलं, डोळे. आता कळायला मार्ग नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः टाइपरायटरवर पत्र बडवलंत, दोन बोटांनी. निबंध मागे घेत असल्याचं. पाकिटात घालायच्या आधी मला वाचून दाखवलंत. त्यात एक वाक्य होतं: "आठ काचा विद्यार्थिनीने खराब समजून न मोजताच बाजूला ठेवल्या, आणि देखरेखीतली चूक सर्वस्वी माझी आहे." "वाक्य बरोबर आहे ना?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "हो सर."

त्यानंतर विभागात तुमच्याकडं कुणी कसं बघायचं ते मी पाहिलं. चहाच्या वेळी टेबलावरचं बोलणं तुम्ही आलात की बदलायचं. माझा प्रबंध बाकीच्या प्रकरणांवर पार पडला, जागा मिळाली. निघायच्या दिवशी तुम्ही तुमची गणनपट्टी, ती सरकवून गुणाकार-भागाकार करायची, मला दिलीत, कातडी म्यानासकट. "तिथं मुलांना शिकवताना लागेल." रागाचा एक शब्द नाही. मी एसटीत बसले आणि कागल येईपर्यंत मान वर केली नाही.

मग तुमची पोस्टकार्डं यायला लागली. नवा पापुद्रा केला. या वेळी दोन दिवस मध्ये थांबून पाहिलं. सोळा काचा झाल्या, काही नाही. जाडी बदलून पाहतो. पुन्हा काही नाही, डोळेच असणार, वय झालं. एका कार्डावर होतं: "दिवाळीच्या सुट्टीत आलीस तर दोघं मिळून एकदा करून बघू. एकट्यानं सेकंद मोजणं आणि हँडल धरणं जमत नाही." मी उत्तर पाठवलं की अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते उन्हाळ्यातच होऊन गेलं होतं. मला तुमच्यासमोर त्या खोलीत बसायचं नव्हतं, एवढंच.

तुम्ही गेल्याचं मला दहा दिवसांनी कळलं, तेही कॉलेजात आलेल्या एका परीक्षकाकडून, बोलता बोलता. मी कोल्हापूरला आले. खोलीला कुलूप होतं. यंत्र मोडीत काढायचं ठरलंय असं ऑफिसात सांगितलं. तुमच्या घरी जायचं धाडस झालं नाही म्हणून रस्ता ओलांडून गिरणीत गेले. आक्का म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण त्यांनी ओळखलं. गिरणी बंद करून त्यांनी मला पोत्यावर बसवलं.

"सर एकटंच येत होतं बघ. एक वाजला की दारात. आक्का, बंद करताय न्हवं? मी म्हणायची, व्हय सर, तुमच्यासाठीच थांबलोय. शेवटाला तर काठी टेकत यायचं."

"काही सापडलं का म्हणायचे?"

"इचारलं की मी. म्हणायचं, एकदा दिसलंतं आक्का, परत दिसंना झालंय. मी म्हटलं, मग सोडा की. तर म्हणायचं, दिसलं न्हाई असं कसं म्हणू, आणि दिसलं असं तरी कसं म्हणू." आक्कांनी पदरानं हात पुसले. "तू का आली न्हाईस गं मधी?"

मी पोत्यावरून उठून पदराचं पीठ झटकलं.

आता माहीत नसलेलं. सर, त्या आठ काचा मी मोजल्या होत्या. एकही काळी पडलेली नव्हती. दोनशे आकडे प्रत्येकी, सगळे, नीट, तुम्ही शिकवल्याप्रमाणं दोनदा तपासून. बारांची रेघ स्वच्छ होती आणि या आठ त्यात मिसळल्या की तिच्या एका कडेला फुगवटा यायचा. तो का येतो हे शोधायला आणखी एक वर्ष गेलं असतं, आणि माझ्याकडं जून होता. म्हणून मी आठ पानं वहीतून काढली आणि काचा गरम पाण्यात धुतल्या. तुम्ही विचारलंत तेव्हा मोजल्या म्हणाले असते तर ती लबाडी ठरली असती. न मोजता टाकल्या म्हटलं तर फक्त घाई. मी घाई पत्करली. तुमच्या त्या पत्रात, तुमच्या सहीवर, तुम्ही आयुष्यात लिहिलेलं एकच खोटं वाक्य होतं, आणि ते माझं होतं. तुम्ही जे अकरा वर्षं, शेवटी काठी टेकत, शोधत होता ते गारगोटीत माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली होतं. प्रत्येक कार्डाला उत्तर लिहिताना मला ते माहीत होतं. पानं फाडायचं मनात आलं, तेही जमलं नाही, पाठवायचंही जमलं नाही. मग तुम्ही गेलात, अब्बा गेले, आणि ज्यांच्यापुढं लाज वाटावी असं कुणी उरलं नाही. त्यानं सोपं होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

गेल्या महिन्यात मेथी तशीच टाकून मी ती पानं काढली. शाई तपकिरी झालीय पण आकडे वाचता येतात. फक्त त्या आठांचीच बेरीज करायला चार दुपारी लागल्या. मुख्य रेघेच्या कडेला दुसरी, फिकट, खरखरीच्या वर स्पष्ट उठलेली रेघ आहे. ती का आली, आपल्या यंत्राची होती की त्या पापुद्र्याची, हे मला सांगता येणार नाही. ते तुम्हाला सांगता आलं असतं. पण ती होती. तुमचे डोळे चांगले होते, सर.

हे पाठवायला कुठलाच पत्ता नाही. विभागात पाठवावं असं एकदा वाटलं, पण तिथं आता तुम्हाला ओळखणारं कुणी नसेल. एक गोष्ट मात्र लिहायला हवी. ती रेघ सातच काचांच्या आकड्यांत आहे. अठराव्या काचेच्या पानावर काहीच नाही, कितीदाही पाहिलं तरी. या पत्रात मी आधी "आठही काचांवर" असं लिहिलं होतं. तुम्हाला बरं वाटेल म्हणून. मग ते पान टाकून पुन्हा लिहिलं.